शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिन आहे तेव्हा एखादा हलकाफुलका विषय घ्यावा, असे चिटणीसबाईंनी मला सुचवले होते. त्यांची सूचना मोडून मी विषय घेतला आहे तो शाळा सुटल्यानंतरच्या वेळेचा. सायंकाळी पाच ते सात या दोन तासांत आपल्या गावची मुले काय करतात, आणि त्या दोन तासांशी शाळेचा, नगरपरिषदेचा व आपल्या मंडळाचा काय संबंध पोहोचतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. शेवटी मी पैशाचीही गोष्ट काढणार आहे. हे आधीच सांगून टाकते; ज्यांना चहाच्या निमित्ताने उठावयाचे असेल त्यांनी त्या वेळी उठावे, माझी हरकत नाही.

तुमच्या-माझ्या घरातील नातवंडांचे पाच ते सात कसे जातात ते जरा डोळ्यांपुढे आणा. शाळेची रिक्षा दारात येते. हातपाय धुऊन दूध होते, पोहे नाहीतर शिरा होतो. मग सोमवार-बुधवारी अबॅकस, मंगळवारी तबला, शनिवारी कराटे, आणि गणित कच्चे असेल तर त्याची शिकवणी निराळी. या सगळ्याची फी आपण भरतो, भरताना कुरकुरतो आणि तरीही भरतो. कारण शाळा जे देते तेवढ्याने भागत नाही, हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. जे आपल्या मुलांना पुरत नाही, ते ज्यांच्या घरी दुसरे काहीच नाही त्या मुलांना पुरावे अशी अपेक्षा मात्र आपण बिनदिक्कत करतो.

मी सव्वीस वर्षे नगरपालिकेच्या शाळेत शिकवले. आपले गाव प्रवरा-म्हाळुंगीच्या संगमाचे खरे, तसेच ते विडीचेही गाव आहे. कारखान्यातून तेंदूची पाने, जर्दा आणि दोरा घरी आणावयाचा, चूल-पोतेरे आटोपून सूप मांडीवर घ्यावयाचे, आणि हजारावर मजुरी मोजून घ्यावयाची, अशा रीतीने या गावातील कित्येक बायकांनी संसार ओढले. हल्ली हे काम पूर्वीइतके राहिलेले नाही. पण ज्या घरात ते आहे त्या घरात शाळेतून आलेले मूल रिकामे बसत नाही. आईने वळलेल्या विडीचे तोंड मोडणे, दोरा बांधणे, पंचवीस-पंचवीसचे कट्टे लावणे हे त्याच्या वाट्याला येते. वर्गात वह्या तपासताना कोणती वही कोणत्या घरातून आली आहे हे मला नाव न वाचता कळे. पानांना जर्द्याचा वास असे.

अशाच एका मुलीची गोष्ट सांगते. चौथीत होती. भागाकार म्हटला की पाटीवर तिचा हात थांबे. एकदा मी सहज विचारले, "अगं, हजार विड्यांचे कट्टे किती?" प्रश्न पुरा होण्याच्या आत ती म्हणाली, "चाळीस, बाई." मग मी पाटीवर हजार भागिले पंचवीस असे मांडून दिले, तर तिला ते येईना. ही माझ्या वर्गातलीच गंमत आहे असे मी पुष्कळ वर्षे समजत होते. परंतु २०२५ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच निघाले. ही मुले गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी बिनचूक करतात, आणि तेच गणित शाळेच्या रीतीने कागदावर दिले की अडतात. उलट, शाळेत गणिते सोडवणारी मुले बाजारातल्या हिशोबात अडखळतात. म्हणजे या मुलांच्या डोक्यात उणे काही नाही. घरचे गणित आणि शाळेचे गणित यांच्यामध्ये एक पूल हवा, तो कोणी बांधलेला नाही. चाळीस मुलांच्या वर्गात तो बांधावयास शिक्षकाला सवड होत नाही, आणि घरी तो बांधणारे कोणी नसते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो तेही थोडक्यात पाहू. १९८६ च्या कायद्याने विडी वळणे हे मुलांना मना केलेल्या कामांत घातले, पण घरच्यांना मदत म्हणून केलेल्या कामाला त्यातून सूट होती. २०१६ साली कायदा बदलला आणि चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर बंदी आली. मात्र धोक्याच्या यादीत नसलेल्या घरच्या उद्योगात मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करण्यास मुभा राहिली. गंमत पाहा, कायद्यालाही 'शाळा सुटल्यावर' हाच शब्द सापडला! ज्या वेळेचा धनी कोणी नाही ती वेळ कामाकडे जाते. त्या आईला मी दोष देत नाही. मूल दोन तास मोकळे राहून रस्त्यावर हिंडण्यापेक्षा डोळ्यांसमोर बसलेले बरे, असे तिला वाटले तर त्यात वावगे काय? तिला दुसरी जागा दाखवणे हे आपले काम आहे.

ती जागा दूर नाही. नगरपालिकेच्या शाळेच्या इमारती गावाच्या पैशाने उभ्या आहेत. पाच वाजता शिपाई कुलूप लावतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फळा, बाके, पंखे, सगळे अंधारात पडून असते. मुंबईला रात्रशाळा असतात, त्यांपैकी कितीतरी महापालिकेच्याच इमारतींत भरतात. दिवसाची शाळा सुटली की त्याच खोल्यांत पुन्हा दिवे लागतात आणि दिवसभर कामावर असलेली मुले येऊन बसतात. ही कल्पना काही आजची नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली.

गावाने आणि शाळेने एकत्र येऊन खर्च उचलावा, ही गोष्ट संगमनेरला नवी वाटू नये. १९६१ साली शिक्षण प्रसारक संस्थेचे महाविद्यालय येथे निघाले. त्याचे पुरे नाव आपण क्वचितच घेतो. ते आहे, संगमनेर नगरपालिका कला, दा. ज. मालपाणी वाणिज्य आणि ब. ना. सारडा विज्ञान महाविद्यालय. नाव लांबलचक आहे म्हणून मुले हसतात. पण ते नीट वाचले तर त्यात गावाची वर्गणी-वही वाचावयास मिळते. आधी नगरपालिका, मग मालपाणी, मग सारडा. आणि या दोन घराण्यांची नावे तंबाखू-विडीच्या व्यापारात महाराष्ट्रभर माहीत आहेत. ज्या विडीने हे गाव पोसले त्या विडीशी या महाविद्यालयाचा असा धागा आहे. तेथवर विडी वळणारीची मुलगी पोहोचावयाची, तर तिचा चौथीतला भागाकार आधी सुटला पाहिजे.

आता इतरत्र काय घडले ते सांगते. १९९१ साली मुंबईत शाहीन मिस्त्री यांनी 'आकांक्षा' सुरू केली. शाळांच्या रिकाम्या खोल्या मागून घ्यावयाच्या, वस्तीतील मुलांना तेथे जमवावयाचे, आणि वाचन-गणिताबरोबर चित्रे, गाणी, नाटक, गप्पा असे सर्व काही करावयाचे, अशी ती केंद्रे होती. पुढे २००७ पासून त्यांनी मुंबई व पुणे महापालिकांशी करार करून पुऱ्या शाळाच चालवावयास घेतल्या. इमारत महापालिकेची, शिक्षक संस्थेचे. कोणी म्हणेल, मग आपणही शाळाच का चालवू नये? मला ते आपल्या आवाक्यातले वाटत नाही, आणि आपल्या गावच्या शाळा काही ओस पडलेल्या नाहीत. आपल्याला दोन तास पुरे. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, अहिल्यानगरला, १९८९ पासून काम करणारी 'स्नेहालय' ही संस्था वस्त्यांतील मुलांसाठी बालभवने चालवते. ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांना फार लांब जावे लागणार नाही.

यातील मला सर्वांत शिकण्याजोगा वाटला तो 'प्रथम'चा प्रयोग. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९०-९५ च्या दरम्यान मुंबई महापालिका व युनिसेफ यांच्या साहाय्याने या संस्थेची उभारणी केली. त्यांच्या एका योजनेचे नाव होते 'बालसखी'. नाव किती गोड आहे पाहा. तिसरी-चौथीत जाऊनही ज्यांना वाचता येत नाही अशी पंधरा-वीस मुले निवडावयाची, आणि वस्तीतीलच एक शिकलेली मुलगी रोज दोन तास त्यांना घेऊन बसणार. तिला दोन आठवड्यांचे शिक्षण द्यावयाचे आणि दरमहा पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. हे शाळेच्या वेळातच चाले, एवढा आपल्या बेतात आणि त्यात फरक आहे.

या योजनेची मुंबई आणि बडोदे या दोन शहरांत काही वर्षे काटेकोर परीक्षा झाली. ती घेणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २००७ साली निष्कर्ष छापून आले. बालसखीपाशी बसलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी दुप्पट, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना. भगिनींनो, हे काम पदव्या घेतलेल्या तज्ज्ञांनी केलेले नाही. आपल्या शेजारच्या गल्लीत राहणारी, बारावी होऊन स्थळांची वाट पाहत घरी बसलेली मुलगी असते ना, तिने केले.

त्याच अहवालात एक कडू गोष्टही आहे आणि ती मी झाकणार नाही. बालसखी बंद झाल्यानंतर वर्षभराने मुलांना पुन्हा तपासले, तेव्हा मिळवलेले बरेचसे ओसरले होते. पुरते गेले नव्हते, पण ओसरले होते. म्हणून एक हंगाम वर्ग घ्यावयाचा, फोटो काढावयाचा आणि पुढच्या वर्षी दुसरा उपक्रम, असे आपण करणार असू तर न केलेले बरे. माझ्या योजनेत मी तीन वर्षांची अट घातली आहे ती याच कारणाने.

दुसरा धडा उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याचा. तेथे याच संस्थेने गावोगाव सभा घेतल्या, शाळेची माहिती लोकांपुढे ठेवली, आणि काही गावांत तरुण स्वयंसेवकांना शिकवून शाळेबाहेर वाचनाचे वर्ग सुरू केले. नुसत्या सभांनी काही झाले नाही. वाचनवर्गाला जी मुले गेली त्यांना मात्र खरोखर अक्षरे येऊ लागली. अडचण एवढीच की जी मुले वाचू शकत नव्हती त्यांतली फारच थोडी वर्गाला गेली. शेकडा तेरा-चौदाच्या आसपास. दार उघडे ठेवले म्हणजे मूल येते असे नाही. कोणीतरी त्याच्या घरी गेले पाहिजे, सुपाशेजारी बसले पाहिजे, आईशी चार शब्द बोलले पाहिजेत. आणि हे काम नगरपरिषदेचा कारकून करू शकणार नाही, मुख्याध्यापकही करू शकणार नाहीत. हळदीकुंकवाचे बोलावणे घरोघर कसे करावे हे ज्यांना चांगले ठाऊक आहे, त्या तुम्हीच ते करू शकाल.

लांबचे एक उदाहरण सांगते, कारण ते आपल्याला पैशाच्या हिशोबात उपयोगी पडणार आहे. अमेरिकेत लॉस एंजल्स शहरात १९८८ साली तेथले महापौर टॉम ब्रॅडली यांनी शहर, शाळा-मंडळ आणि देणगीदार यांची मोट बांधून शाळा सुटल्यानंतरचे वर्ग काढले. प्रारंभी दहा शाळा होत्या, पुढे शंभराहून जास्त झाल्या. अभ्यास, खेळ, खाऊ, कला, सगळे तेथेच. मग २००२ साली त्या कॅलिफोर्निया राज्याने मतदान घेऊन अशा वर्गांसाठी सरकारी पैसा नेमून दिला. तो पुढे वर्षाला पंचावन्न कोटी डॉलरपर्यंत गेला. त्या कायद्यातली एक अट मला फार आवडली. राज्य जेवढे देईल त्याच्या एक तृतीयांश गावाने घालावयाचे, रोख किंवा वस्तुरूपाने. पण खोल्या वापरावयास दिल्या हा हिशोब त्या वाट्याच्या पाव हिस्स्यापलीकडे धरावयाचा नाही. "आम्ही वर्ग उघडून दिला, झाले आमचे काम," असे म्हणून कोणाला अंग काढून घेता येऊ नये, अशी ती तरतूद दिसते. आपल्याकडे खोली मिळाली की अर्धे काम झाले असे आपण मानतो. खोली ही त्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे.

तेव्हा आता हिशोब. दोन वर्ग, प्रत्येकी वीस मुले. दोन ताई, प्रत्येकीला दरमहा चार हजार रुपये मानधन, दहा महिने, म्हणजे ८०,००० रुपये. चाळीस मुलांना रोज खाऊ, भाजलेले चणे-गूळ किंवा उसळ, पाच रुपये माणशी धरले आणि दोनशे दिवस धरले तर ४०,००० रुपये. खाऊ कशाला, असे विचाराल तर सांगते. दुपारचा शाळेतला भात पाचपर्यंत जिरलेला असतो, आणि भुकेले मूल तुमच्या गोष्टीकडे नव्हे, दाराकडे पाहते. गोष्टींची पुस्तके, रंग, कागद, एक ढोलकी, दोन लेझमांचे संच, बुद्धिबळाचे चार पट यांना १०,००० रुपये. एकूण १,३०,००० रुपये वर्षाला.

ढोलकी आणि बुद्धिबळ ऐकून काही जणींच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसते आहे. गरिबाच्या मुलाला आधी वाचता येऊ द्या, मग ढोलकी, असा युक्तिवाद मी नेहमी ऐकते. आपल्या नातवाचे गणित कच्चे म्हणून आपण त्याचा तबला बंद केला का? दिवसभर जे जमत नाही तेच पुन्हा सायंकाळी दोन तास समोर ठेवले तर मूल तिसऱ्या दिवशी येणार नाही. एक तास वाचन-गणिताचा आणि एक तास ज्यात ते मूल पुढे असेल अशा गोष्टीचा, ही वाटणी मी सोडणार नाही. हे गाव शाहीर अनंत फंदींचे. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेला आपण जाऊन बसतो आणि डफावर थाप मारावयाची संधी मात्र फी भरणाऱ्यालाच देतो, हे कसे चालेल?

हे पैसे कोणी द्यावयाचे? आपल्या घरपट्टीच्या बिलावर 'शिक्षण कर' म्हणून एक ओळ असते. ती पाहून वाटते, हा पैसा तर शाळांचाच! पण तो कर नगरपरिषद गोळा करते आणि राज्य सरकारकडे भरते. त्यावर आपला दावा चालणार नाही. चालतो तो दुसरीकडे. नगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेत असे राज्य सरकारचे धोरण आहे, आणि त्यासाठी समितीची तरतूदही आहे. हा पैसा पुष्कळ गावी शिवणयंत्रे वाटण्यात आणि शिबिरांच्या मांडवात जातो. शिवणयंत्राला माझा विरोध नाही. परंतु दोन ताईंचे मानधन हे एकाच वेळी महिलांचेही कल्याण आहे आणि बालकांचेही, एवढे सोपे समर्थन दुसऱ्या कोणत्या बाबीचे करता येईल?

म्हणून माझी सूचना अशी. मानधनाचे ८०,००० आणि दिव्यांचा खर्च नगरपरिषदेने द्यावा. शाळेने खोल्या द्याव्यात आणि कोणत्या मुलांना गरज आहे त्याची यादी द्यावी. खाऊ आणि साहित्याचे ५०,००० आपल्या मंडळाने उचलावेत, आणि घरोघर जाण्याचे काम आपण वाटून घ्यावे. हे तिघांच्या सह्यांनी, तीन वर्षांसाठी, कागदावर यावे. नगरसेवक बदलतात, मुख्याध्यापकांच्या बदल्या होतात, आपलीही कार्यकारिणी बदलते, कागद राहतो.

हे काम शिक्षकांचेच नव्हे काय, असे एका भगिनीने मला परवा विचारले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकली आहे, हे खरे. त्याच कायद्याने त्यांना खाजगी शिकवण्या घ्यावयाची मनाई केली आहे, तेही योग्यच. पण निवडणुकीची कामे, जनगणना, माहिती भरणे, हे सर्व करून दिवस संपल्यावर त्यांच्याकडून आणखी दोन तास मागणे मला, एक जुनी शिक्षिका म्हणून, न्यायाचे वाटत नाही. दुसरी एक सूचना अशी आली की मानधन कशाला, आपणच आळीपाळीने शिकवू. सूचनेमागचा भाव चांगला आहे. परंतु दिवाळी आली, लग्नसराई आली, सुनेचे बाळंतपण आले की आपली पाळी चुकणार आणि मुले बंद दारापुढे उभी राहणार. जिला महिन्याचे चार पैसे मिळतात आणि ज्या पैशाला घरात मान आहे, ती मुलगी पाऊस असला तरी येईल.

आता अवघड गोष्ट. मंडळाच्या सभागृहाच्या निधीत वर्षानुवर्षे थोडे थोडे करून पैसे साठले आहेत. स्वतःची वास्तू असावी ही आपल्या जुन्या भगिनींची इच्छा होती, आणि त्यातील काही आज आपल्यात नाहीत. त्यामुळे या निधीला हात लावावयाचे म्हटले की मन कचरते, माझेही. मी तो निधी मोडावयास सांगत नाही. त्यावर जे व्याज येते तेवढे तीन वर्षे या कामाला द्यावे, आणि कमी पडेल ते आपल्या वर्गणीतून भरावे, असे माझे म्हणणे आहे. सभागृह तीन वर्षे उशिरा होईल. चौथीतली मुलगी मात्र तीन वर्षे चौथीत थांबणार नाही.

एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. खोल्या द्यावयास त्यांची ना नाही. फक्त सातनंतर कुलूप लावण्याची जोखीम शिपायाने घ्यावयाची की ताईने, यावर गाडे अडले आहे, आणि मुलींना अंधारात घरी कोणी पोहोचवावयाचे हेही ठरावयाचे आहे. माझ्या मते थंडीच्या दिवसांत वर्ग साडेसहालाच सोडावा आणि एकेका गल्लीतील मुलींनी मिळून जावे. तरीही ज्या आयांना काळजी वाटेल त्यांच्याशी आधी बोलावे. नगरपरिषदेला द्यावयाच्या अर्जाचा मसुदा मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. फराळाच्या टेबलाशेजारी तो ठेवलेला आहे, पेनही आहे. ज्यांना पटले असेल त्यांनी सही करावी, आणि घरोघर जाण्यासाठी कोणता वार जमेल तो नावापुढे लिहावा. अंदाजपत्रकाची सभा होण्यापूर्वी तो अर्ज पोहोचला पाहिजे.